समुद्रात शिरलेला पाहुणा

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकासाठी भौतिकशास्त्रावर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. मला तर थोडी भीतीच वाटते आहे. बारावी विज्ञानला मी याच विषयात नापास झालो आणि मग कला शाखेत आलो. त्यानंतर दोन वर्षे मी भौतिकशास्त्राचे नाव घरात काढू दिले नाही. ते पुस्तक माळ्यावर गेले ते गेलेच. ते खाली कसे आले, तेवढे आधी सांगतो आणि मग विषयाकडे वळतो.

माझी मावसबहीण पुण्यात भौतिकशास्त्रात संशोधन करते. गेल्या चतुर्थीला ती आमच्याकडे मालवणला आली होती. आरती झाली, मंडळी पांगली, आणि ओट्यावर आजी, ताई व मी असे तिघेच उरलो. आजीने विचारले, “गो बाय, तू येवढा शिकतंस ता काय ता माका तरी सांग.” ताई क्षणभर विचारात पडली. मग म्हणाली, “आजी, एका खच्चून भरलेल्या जागेत एक परका शिरला, तर त्याचं काय होतं आणि त्या जागेचं काय होतं, ते मी शिकते.”

आजी हसली. म्हणाली, “ह्या तू माका काय सांगतंस? मी ह्या घरात इलंय तेव्हा सतरा माणसा होती.”

त्या रात्री आम्ही बाराएक वाजेपर्यंत बोलत बसलो. ताईने जे सांगितले आणि नंतर मी जे वाचले, ते माझ्यासारख्यांना कळेल अशा भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम ती ‘भरलेली जागा’ म्हणजे काय ते पाहू. विश्वातील सर्व कणांचे स्वभावाने दोन वर्ग पडतात. एका वर्गातील कण एकाच अवस्थेत कितीही दाटीने राहू शकतात. त्यांना आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावावरून ‘बोसॉन’ म्हणतात. बोस यांचे मूळ काम १९२४ चे. दुसऱ्या वर्गातील कणांना एन्रिको फर्मी या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावावरून ‘फर्मिऑन’ म्हणतात. इलेक्ट्रॉन या वर्गातला. यांचा नियम कडक आहे. दोन सारखे फर्मिऑन कधीही एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. वोल्फगांग पाउली यांनी १९२५ मध्ये हा नियम सांगितला आणि फर्मी व डिरॅक यांनी १९२६ मध्ये त्यावरून अशा कणांच्या समूहाचे गणित मांडले.

आपण कुडाळ-मालवण एस.टी.चे उदाहरण घेऊ. समजा, या गाडीत एका आसनावर एकच माणूस बसू शकतो आणि गाडी पुढच्या आसनापासून ओळीने भरत येते. पुढचे आसन म्हणजे कमी ऊर्जेची अवस्था, मागचे म्हणजे जास्त ऊर्जेची. उतारू संपले की एका विशिष्ट आसनापर्यंत गाडी पूर्ण भरलेली आणि त्यामागे पूर्ण मोकळी असेल. ही जी सीमा, तिला ‘फर्मी पातळी’ म्हणतात. तिच्या अलीकडचा सगळा भरलेला भाग म्हणजे ‘फर्मी समुद्र’.

आता गाडीला धक्का बसला. पुढच्या आसनांवरचे लोक हलू शकतील काय? नाही. त्यांच्या शेजारची सगळी आसने भरलेली आहेत. हलू शकतील ते सीमेजवळचे, कारण त्यांच्या मागे जागा आहे. हे आपल्याला दर्याकाठी राहून ठाऊकच आहे. वारा सुटला की लाटा वरवर उठतात, तळाचे पाणी ढवळत नाही. फर्मी समुद्रातही जी काय हालचाल व्हायची, ती पृष्ठभागाशीच.

हा समुद्र दूर कोठे शोधायला नको. आमच्या न्हाणीघरात तांब्याचा हंडा आहे. तांब्याच्या दर घन सेंटीमीटरमध्ये सुमारे ८५ वर २१ शून्ये इतके मोकळे इलेक्ट्रॉन असतात. हंडा थंडगार पडलेला असला, तरी फर्मी पातळीवरचे इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे १,६०० किलोमीटर वेगाने धावत असतात. साध्या वायूच्या कणांना इतकी ऊर्जा यायची, तर तो वायू सुमारे ८०,००० अंशांपर्यंत तापवावा लागेल. उष्णतेमुळे नव्हे, तर खालच्या सर्व जागा भरल्या आहेत म्हणून या इलेक्ट्रॉनांना वर राहावे लागते आणि धावावे लागते. पूर्ण थंडीतही फर्मी समुद्र निजत नाही.

या समुद्राच्या जोराची कल्पना एका प्रसंगावरून येईल. ३१ जुलै १९३० रोजी १९ वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबई बंदरातून बोटीने विलायतेला शिक्षणासाठी निघाले. त्या प्रवासात त्यांनी विझत आलेल्या ताऱ्यांचे गणित मांडले. असा तारा आपल्याच वजनाखाली कोसळत नाही, कारण त्याच्या पोटातला इलेक्ट्रॉनांचा फर्मी समुद्र त्याला तोलून धरतो. परंतु त्यालाही मर्यादा आहे. सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानापलीकडे तो तारा तोलला जात नाही. या व अशा संशोधनाबद्दल चंद्रशेखरांना १९८३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अरबी समुद्रावरून जाताना एका तरुणाच्या मनात हा दुसरा समुद्र होता, ही गोष्ट मला फार आवडते.

आता पाहुण्याकडे येऊ. पुस्तकांत त्याला ‘अशुद्धी’ म्हणतात. एका जातीच्या कणांच्या समुद्रात दुसऱ्या जातीचा एखादाच कण आला, की तो अशुद्धी. ताईला हा शब्द रुचत नाही आणि मलाही रुचला नाही. आपल्या समाजात ‘अशुद्ध’ आणि ‘विटाळ’ या शब्दांनी काय काय केले आहे, ते कला शाखेच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. विज्ञानात तर या परक्या कणावाचून पुष्कळ गोष्टी अडतात. निव्वळ शुद्ध सिलिकॉन वीज फारशी वाहून नेत नाही. लाखो अणूंत फॉस्फरसचा एखादा अणू मिसळला, की ते कामाचे होते. आपल्या खिशातला मोबाईल अशा परक्यांवर चालतो. म्हणून मी येथे ‘पाहुणा’ हाच शब्द वापरणार आहे.

पाहुण्याच्या वागण्याचे पहिले मोठे कोडे धातूंत सापडले, आणि त्यासाठी लागणाऱ्या थंडीशी आपल्या जिल्ह्याचे एक दूरचे नाते आहे. अतिशय थंड तापमान गाठण्यासाठी द्रवरूप हेलियम लागतो. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि १८ ऑगस्ट १८६८ च्या सूर्यग्रहणात येथून हेलियमचा शोध लागला, असे आपण लहानपणापासून ऐकतो. इतिहास जरा निराळा आहे. त्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या प्रकाशाचे निरीक्षण केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधून तशाच प्रकाशातील पिवळ्या रेषेचा अभ्यास केला आणि ती एका नव्या मूलद्रव्याची आहे, या निष्कर्षाला पुढे ते आले. तरीही विजयदुर्गावर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो, याचा मला आनंदच आहे. त्या निमित्ताने गावातली मुले आकाशाकडे पाहतात.

हेलियमचा द्रव प्रथम केला तो हॉलंडमधील लायडेन येथे कामरलिंग ओनेस यांनी, १९०८ मध्ये. त्याच लायडेनमध्ये १९३४ साली एक विचित्र गोष्ट दिसली. धातू थंड केला की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होत जातो, हे ठाऊक होते. परंतु सोन्याच्या एका तारेत तो काही अंशांपर्यंत कमी झाला आणि आणखी थंड करताच पुन्हा वाढू लागला! पुढे कळले की सोन्यात किंवा तांब्यात लोखंडासारख्या चुंबकी धातूचे अगदी थोडे अणू मिसळलेले असले, की असे होते. पण का होते, ते तीस वर्षे सुटले नाही.

१९६४ मध्ये जुन कोंडो या जपानी शास्त्रज्ञाने ते सोडवले. साधा पाहुणा म्हणजे वाटेतला दगड. इलेक्ट्रॉन आपटतो, दिशा बदलतो आणि निघून जातो. दगड होता तसाच राहतो. लोखंडाचा अणू मात्र एक इवलासा चुंबक असतो. इलेक्ट्रॉनशी गाठ पडली की दोघांच्याही चुंबकांची दिशा उलटू शकते. मग पुढच्या इलेक्ट्रॉनला जो पाहुणा भेटतो, तो आधीच्या भेटीने बदललेला असतो. अशा रीतीने एकमेकांशी काही देणेघेणे नसलेले इलेक्ट्रॉन त्या पाहुण्यामार्फत एकमेकांशी जोडले जातात. थंडी वाढते तशी ही गुंतागुंत वाढत जाते आणि विजेला विरोधही वाढतो. फारच थंडीत आसपासचे इलेक्ट्रॉन मिळून पाहुण्याला असे वेढून घेतात, की त्याचे चुंबकत्व बाहेरून दिसेनासे होते. याचे पूर्ण गणित केनेथ विल्सन यांनी १९७५ मध्ये केले.

मुंबईला कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीरियम, इटर्बियम अशा धातूंच्या संयुगांवर अनेक वर्षे काम झाले आहे. या संयुगांत पाहुणा एखाददुसरा नसतो, तर स्फटिकाच्या प्रत्येक घरात एकेक असतो. त्यामुळे काही संयुगांत इलेक्ट्रॉन नेहमीपेक्षा शेकडो पटींनी जड असल्यासारखे वागतात.

येथे मी ताईला विचारले, “पण हा पाहुणा तर एका जागी बसलेला. जो समुद्रातून हिंडतो, त्याचं काय?” ती म्हणाली, “तेच माझं काम.”

हिंडणाऱ्या पाहुण्याची मूळ कल्पना रशियाचे लान्दाउ यांनी १९३३ मध्ये मांडली होती. स्फटिकातून जाणारा इलेक्ट्रॉन भोवतालच्या अणूंना किंचित ओढतो आणि ही ओढाताण आपल्यासोबत घेऊन चालतो. पुढे अशा लवाजम्यासह चालणाऱ्या कणाला ‘पोलारॉन’ हे नाव मिळाले. फर्मी समुद्रातून हिंडणारा पाहुणा म्हणून ‘फर्मी पोलारॉन’. जत्रेत ओळखीचा माणूस भेटला की चार जण त्याच्याकडे वळतात. तो पुढे जातो, ते मागे राहतात आणि नवे चार जण वळतात. माणूस एकच, पण त्याच्याभोवतीचे वळलेल्यांचे कडे त्याच्याबरोबर चालत असते. लवाजमा असल्यामुळे तो जड होतो. सावकाश चालतो.

धातूत हे स्वच्छ दिसत नाही, कारण तेथे हजार भानगडी एकदम चालू असतात. म्हणून शास्त्रज्ञ अणूंचा विरळ वायू घेतात. लिथियम-६ या अणूत ३ प्रोटॉन, ३ न्यूट्रॉन आणि ३ इलेक्ट्रॉन असतात. बेरीज ९, म्हणजे विषम, आणि म्हणून तो अणू फर्मिऑन ठरतो. असे अणू निर्वात पेटीत लेसरच्या प्रकाशाने अडवून थंड करतात. हवेपेक्षा दहा लाख पटींहून विरळ असा तो वायू केवळ शून्याच्या वर एका अंशाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही खाली येतो. त्यातले बहुतेक अणू एका अंतर्गत अवस्थेत ठेवतात. तो झाला समुद्र. थोडे दुसऱ्या अवस्थेत ठेवतात. ते झाले पाहुणे. पाहुणा वेगळ्या अवस्थेत असल्यामुळे ‘एका आसनावर एकच’ हा नियम त्याला समुद्रातल्या अणूंच्या बाबतीत लागू पडत नाही. त्यांच्यात फक्त परस्परांची ओढ असते. आणि खरी गंमत अशी, की चुंबकीय क्षेत्र कमीजास्त करून ही ओढ हवी तेवढी ठेवता येते. पाहुणा आणि घर यांच्यातला जिव्हाळा बटण फिरवून वाढवावा, तसे! अतिशीत अणूंचे प्रयोग आता पुण्याच्या आयसर या संस्थेतही होतात.

२००६ मध्ये फ्रान्सच्या फ्रेडेरिक शेव्ही यांनी या पाहुण्याचे एक अगदी साधे चित्र मांडले. पाहुणा समुद्रातल्या एकाच अणूला वर उचलतो आणि खाली त्याची जागा रिकामी होते. एवढेच धरायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे. लाखो अणूंच्या गर्दीला असा हिशेब कसा पुरावा? तरी तो पुरला. ओढ जास्तीत जास्त परिणामकारक असते त्या स्थितीत या चित्रावरून पाहुण्याची ऊर्जा फर्मी ऊर्जेच्या ०.६१ पट खाली उतरते असे उत्तर आले. संगणकावर केलेल्या फार मोठ्या हिशेबांनीही जवळपास तेवढेच दिले. २००९ मध्ये अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये मार्टिन झ्वीअरलाइन यांच्या गटाने रेडिओलहरींनी मोजले, तेव्हा तेही यांच्याशी जुळले. पाहुण्याचे वजन लवाजम्यासह सुमारे १.२ पट निघते. म्हणजे इतक्या ओढीतही तो जेमतेम पाचव्या हिश्शाने जड झाला.

साधे चित्र का पुरले, याचे उत्तर मला सर्वांत आवडले. समुद्रातले कण एकाच जागी येऊ शकत नाहीत. त्यामुळे पाहुण्याभोवती एकदम अनेकांची झुंबड उडण्याच्या ज्या शक्यता, त्या बव्हंशी एकमेकींना छेदून नाहीशा होतात. म्हणजे घराच्या स्वतःच्या शिस्तीनेच पाहुण्याला सांभाळले.

पण नेहमीच असे होत नाही. ओढ एका मर्यादेपलीकडे वाढवली, तर पाहुणा सगळ्या समुद्राशी संबंध ठेवण्याऐवजी एकाच अणूला घट्ट धरतो आणि दोघांचा जोड रेणू होतो. मग पाहुणा असा उरत नाही. एम.आय.टी.च्या प्रयोगात पोलारॉनची उभी टोकदार खूण या ठिकाणी पुसत जाताना दिसली. उलट, ओढीऐवजी दुरावा असला तरी पाहुणा काही काळ टिकतो. ऑस्ट्रियात इन्सब्रुक येथे २०१२ मध्ये लिथियमच्या समुद्रात पोटॅशियमचे अणू सोडून हे दाखवण्यात आले.

आणि एक शक्यता सर्वांत विलक्षण आहे. समजा, पाहुणा इतका जड आहे की तो जागचा हलूच शकत नाही. १९६७ मध्ये फिलिप अँडरसन यांनी दाखवले, की मग समुद्रातला प्रत्येक कण अगदी थोडाथोडा बदलतो. पण हे सगळे थोडेथोडे बदल एकत्र होऊन आधीचा समुद्र आणि नंतरचा समुद्र यांच्यात काहीच साम्य उरत नाही. एकेकाला विचाराल तर तो म्हणेल, मी फारसा बदललो नाही. सगळे मिळून पाहाल तर सगळेच बदललेले.

हिंडणाऱ्या पाहुण्यात त्याचा मूळचा भाग किती उरला, हे दाखवणारी एक संख्या शास्त्रज्ञ काढतात. ती १ असेल तर तो जसा आला तसाच आहे. शून्य असेल तर ओळखीचे काहीच उरले नाही. फर्मी पोलारॉनची संख्या या दोहोंच्या मध्ये असते. तो बदलतो, तरी ओळखता येतो.

ताईने हे आजीला सांगितले तेव्हा आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मी बदललंय ता सगळ्यांनी बघल्यानी. घर बदललां ता कोणी बघूक नाय.” आणि तिने सांगितले. ती आली तेव्हा पणजी पुरुषांच्या आणि मुलांच्या पंगती उठल्यावर, सुनाही जेवून झाल्यावर, चुलीपाशी एकटी जेवायची. आजीने तिच्या आधी पान घ्यायला नकार दिला. पहिल्या दिवशी पणजी रागावली, आठ दिवसांनी दोघी बरोबर बसू लागल्या आणि वर्षभरात सगळ्या सुना. आमच्या घरात आज सगळे एकत्र जेवतात. ही रीत कोणी घातली, असे मला कधी विचारावेसेही वाटले नव्हते.

माणसे म्हणजे कण नव्हेत, हे मला कळते. कणाला मन नसते, त्याला कोणी पाठवणी करून धाडत नाही आणि त्याच्यावर अन्यायही होत नाही. एस.टी., जत्रा, घर ही सगळी उदाहरणे एका टप्प्यापर्यंतच पोचवतात. तेथून पुढे गणितच लागते, आणि ते गणित मला अजून येत नाही. पण एक गोष्ट मी शिकलो. पाहुणा पाहायचा असेल तर एकट्या पाहुण्याला मोजून चालत नाही, आणि घर पाहायचे असेल तर पाहुण्यासारखे उपयोगी साधन नाही. बारावीला मला प्रश्न विचारले गेले ते सूत्रांचे. हा प्रश्न कोणी विचारला असता, तर कदाचित मी पुस्तक माळ्यावर टाकले नसते. आता ते खाली काढले आहे. आमच्या वर्गातही कोणाच्या माळ्यावर असे एखादे पुस्तक असेल, तर त्यांनी ते काढून पाहावे, एवढेच सुचवतो.

जाता जाता एक. लग्नात तांदळाच्या ताटात नवे नाव लिहून सुनेचे नाव बदलतात. आजीचेही बदलले होते. माहेरचे नाव काय होते, असे ताईने त्या रात्री तिला विचारले. आजीने ते सांगितले. साठ वर्षांत आमच्या घरात कोणी ते विचारले नव्हते. ते येथे छापू नकोस, असे तिने बजावल्यामुळे लिहीत नाही. पण आता आम्हा दोघांना ते ठाऊक आहे आणि कधीकधी ताई पुण्याहून फोन करते, तेव्हा आजीला त्याच नावाने हाक मारते.

(तृतीय वर्ष, कला)